बुबुळाच्या काठावरचं बियाणं

चुना ही वस्तू दिसायला मोठी सोज्वळ, बरं का पोरांनो. पांढरीशुभ्र, थंडगार, पानाला लावा, तंबाखूत मळा, दिवाळीच्या तोंडावर भिंतींना फासा, ही कुणाचं वाकडं करील असं तिच्याकडे बघून वाटायचं नाही. पण कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की तो कसा खदखदायला लागतो हे ज्यानं बघितलंय, त्याला तिचा खरा स्वभाव ठाऊक. पूर्वी घर सारवायचं-रंगवायचं ठरलं की आदल्या रात्री चुना विरवायला ठेवत, आणि आमची आजी त्या पिंपाच्या आसपास पोरांना फिरकू द्यायची नाही. कुणी वाकून बघायला गेलाच, तर पाठीत धपाटा बसायचा आणि तो का बसला हे विचारायची सोय नव्हती. त्या धपाट्यामागचं रसायनशास्त्र मला कळलं तोवर आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्याचं असं आहे. आम्ल डोळ्यात गेलं तर वाईटच, पण ते वरच्या थरातली प्रथिनं साकळवून टाकतं आणि तो साकळलेला थरच मागून येणाऱ्या आम्लाची वाट थोडीफार अडवतो. चुना पडला आम्लाच्या विरुद्ध गोत्राचा, म्हणजे अल्क. तो पेशींच्या आवरणातल्या चरबीचा चक्क साबण करतो, आणि तसा साबण करत करत आत उतरत जातो, थांबायचं नाव घेत नाही. आता पिंपं गेली, चुना प्लॅस्टिकच्या पुडीत आला, आणि पोरांचा स्वभाव काही बदलला नाही. फुगलेली पुडी हाती लागली की ती दोन बोटांत दाबून बघायचीच. ती फटकन फुटते आणि आतला चुना थेट डोळ्यात. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००६ साली नुसत्या या पुड्यांपायी झालेल्या डोळ्यांच्या इजांवर एक शोधनिबंध लिहिला, इतकी ही बाब नेहमीची. असं कुणाचं झालंच तर तूप घाला, दूध घाला म्हणणारे शेजारी जमतील, त्यांचं ऐकायचं नाही. डोळा नळाखाली धरायचा, पापण्या फाकवून चांगला अर्धा तास धुवायचा, वरच्या पापणीमागे कण दडून बसतात तेही काढायचे, आणि मग दवाखाना गाठायचा. हे मध्येच सांगून घेतलं, कारण पुढच्या गमतीजमतीत राहून जाईल.

तर हा चुना जाळतो काय? डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि नेत्रदानाच्या पाटीवर बुबुळ म्हणतात. रुंदीला एक सव्वा सेंटिमीटरही नाही, जाडीला मध्यभागी अर्धा मिलिमीटर. अंगात जिथे म्हणून टाचणी टोचाल तिथे रक्ताचा थेंब येतो, पण या पडद्यात रक्तवाहिनी एकही नाही. असती तर आपण सगळं जग तिच्या जाळीतूनच बघितलं असतं. मग हा जगतो कशावर? प्राणवायू घेतो थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळलेला. आणि आपण झोपलो की पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्या त्याची सोय बघतात. वर पुन्हा संवेदना इतकी तीव्र की धुळीचा कण गेला तर अख्खा माणूस उभ्या जागी नाचायला लागतो.

या पडद्याच्या अगदी वरची कातडी म्हणजे पाच ते सात पेशींचे थर, सगळे मिळून मिलिमीटरचा विसावा हिस्सा. दर वेळी पापणी मिटते-उघडते, वरच्या जीर्ण पेशी गळून अश्रूंबरोबर वाहून जातात. आठवडा-दहा दिवसांत ही कातडी सगळीच्या सगळी बदलून निघते. म्हणजे गेल्या महिन्यात तुम्ही ज्या कातडीतून बघत होतात ती आज तुमच्या डोळ्यावर नाही. सगळ्यांना दिसणारी गोष्ट, पण तिच्यातला प्रश्न फार उशिरा कुणाला पडला: रोजच्या रोज गळतं ते भरून कुठून येतं?

पहिला सरळ तर्क असा की जिथल्या तिथे, खालच्या थरातून. काही अंशी ते खरंही आहे. पण नॉर्वेतल्या दोघा संशोधकांनी, दावांगर आणि एव्हेन्सेन यांनी, १९७१ साली निराळंच सुचवलं. ज्या डोळ्यांत काळं रंगद्रव्य भरपूर, तिथे बुबुळावरची जखम भरताना त्या रंगाच्या रेघा काठाकडून आत सरकताना दिसतात. डोळ्यातलं काळं आणि पांढरं जिथे भेटतात तो काठ आरशात बघा. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं ते कडं, त्याच्याकडे ना कवी बघतो ना सुरमा घालणारी. त्यांचं म्हणणं, माल इथून येतो. पेशी काठावर जन्मतात आणि हळूहळू मध्याकडे सरकत सरकत म्हाताऱ्या होतात. पुढे ज्यांच्या काही पेशींना निळा रंग चढवता येतो असे उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांच्या बुबुळावर काठापासून मध्यापर्यंत निळे-पांढरे पट्टे दिसले आणि मधोमध त्यांचा भोवरा झालेला. माणसातही हृदयाचं एक विशिष्ट औषध दीर्घकाळ घेणाऱ्याच्या बुबुळावर बहुतेक वेळा तसाच बारीक भोवरा उमटतो. म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यापुढे जन्मभर एक संथ भोवरा चालू आहे आणि मालकाला पत्ता नाही.

शंका मिटवणारा प्रयोग अमेरिकेत झाला, १९८९ मध्ये. तो मला फार आवडतो, कारण त्यात चलाखी आहे पण भपका नाही. पेशी दुभंगताना आपल्या गुणसूत्रांची नक्कल करते आणि त्यासाठी रसायनं उचलते. त्यातल्या एका रसायनावर खूण करून ते उंदरांना सलग काही दिवस दिलं, म्हणजे सगळ्याच पेशींत खूण शिरली. मग देणं बंद करून काही आठवडे वाट बघितली. ज्या पेशी भराभर दुभंगत होत्या त्यांची खूण निम्मी, पाव, अर्धपाव होत पुसून गेली. ज्या क्वचित दुभंगतात त्यांची खूण तशीच राहिली, आणि अशा पेशी सापडल्या फक्त काठावर, मध्ये एकही नाही. याच त्या मूलपेशी. आमच्या कोकणात शेतकरी कितीही ओढगस्त आली तरी कणगीतलं बियाणं खात नाही, तसं हे निसर्गानं काठावर राखून ठेवलेलं बियाणं. पेशी जितकी जास्त दुभंगेल तितक्या तिच्यात चुका साचतात, म्हणून या पेशी स्वतः फार हलत नाहीत. एक दुभंगली तर एक जागेवर राहते आणि दुसरी पुढच्या कामाला जाते. त्यांचं घरही बंदोबस्ताचं. काठाच्या बारीक वळ्यांत, खाली रक्तवाहिन्यांची रसद, आणि आपल्यासारख्या काळ्या डोळ्यांच्या माणसांत वर उन्हापासून जपणारं रंगद्रव्य.

आता चुन्याकडे परत येऊ. चुन्यानं मधली कातडी जाळली, काठ शाबूत राहिला, तर काठावरून नव्या पेशी निघतात आणि जखम भरते. पण काठच जळाला तर बियाणंच गेलं. शेजारची पांढऱ्या भागावरची कातडी मग ती मोकळी जागा बघून बुबुळावर चढते, आपल्या रक्तवाहिन्या बरोबर घेऊन. बुबुळ लाल, मग धुरकट, मग पांढरं. डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते अनेक कारणांनी पडतं, त्यातलं हे एक हट्टी. हट्टी अशासाठी की नेत्रदानातून मिळालेलं दुसऱ्याचं बुबुळ बसवून हे सुटत नाही. साधारणपणे बदलतात ती मधली चकती. काठ तर रोग्याचाच राहतो, आणि तिथे पेरायला काही उरलेलं नाही. नव्या बुबुळावरची दात्याची कातडी गळली की पुन्हा तीच लाल घुसखोरी. गंमत बघा, मराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरानं जगातलं पहिलं यशस्वी बुबुळरोपण केलं, तो रोगीसुद्धा चुन्यानंच दोन्ही डोळे गेलेला मजूर होता. त्याच्या एका डोळ्यात रोपण टिकलं. त्या डोळ्याचा काठ कुठेतरी जिवंत असणार, असा माझा आपला अंदाज. झिर्मला बिचाऱ्याला काठाची महती माहीत असायचं कारण नव्हतं.

काठावरचंच बियाणं दुसऱ्या डोळ्यातून आणून लावावं, हे अमेरिकेतल्या केन्यन आणि त्सेंग या डॉक्टरांनी १९८९ च्या सुमारास करून दाखवलं होतं. एक डोळा चांगला असेल तर त्याच्या काठाचे मोठे तुकडे काढून जळक्या डोळ्याला लावायचे. पण ज्याला देवानं आता एकच चालता डोळा ठेवलाय, त्याच्या त्या डोळ्याला सुरी लावायची म्हणजे डॉक्टरांचाही हात अडखळणार. जास्त काढलं आणि तोही काठ उघडा पडला तर? घोडं तिथे अडलं.

ते पुढे हललं कातडीच्या वाटेनं. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स राइनवॉल्ड यांनी १९७५ साली माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायचं गमक शोधून काढलं होतं. ते असं की त्या एकट्या वाढत नाहीत, खाली उंदराच्या पेशींचा थर लागतो. त्या उंदीरपेशींना किरणांचा असा मारा द्यायचा की त्या जिवंत राहाव्या पण वाढू नयेत. त्या नुसती सोबत करतात, पोषक द्रव्यं पाझरवतात आणि यथावकाश नाहीशा होतात. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले दोन लहानगे सख्खे भाऊ, एक पाच वर्षांचा आणि एक सहा, आगीत इतके होरपळले की ९५ टक्क्यांहून जास्त कातडी गेली. न जळलेल्या कातडीचा इवलासा तुकडा घेऊन, त्यातून पत्रेच्या पत्रे वाढवून, बोस्टनमध्ये दोघांच्या अंगाचा मोठा भाग झाकला, आणि पोरं जगली. ग्रीन यांच्याच प्रयोगशाळेत शिकून इटलीला परतलेले मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकारी ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी यांनी मग हेच बुबुळाच्या बाबतीत केलं. चांगल्या डोळ्याच्या काठाचा फक्त एक-दोन चौरस मिलिमीटर तुकडा, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या आसपास. तो बशीत वाढवायचा आणि तयार झालेला पातळ थर जळक्या डोळ्यावर नेऊन ठेवायचा. १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दोन रोग्यांची हकीगत छापली. दोघांचे डोळे जाळणारा पदार्थ पुन्हा अल्कच.

भातशेती ज्यानं केली त्याला यात नवल वाटणार नाही. तरवा आधी एका तुकड्यात दाट वाढवायचा आणि मग उपटून खाचरात लावणी करायची, तसलाच हा उद्योग. आणि तरवा नुसता हिरवागार दिसला म्हणून उपयोग नाही, बी अस्सल हवं. २०१० मध्ये या इटालियन मंडळींनी ११२ रोग्यांचा हिशेब मांडला. जवळजवळ ७७ टक्के डोळे कायमचे सावरले होते. आणि फसलेल्यांत नेमकं काय फसलं हे शोधता शोधता त्यांना दिसलं की बशीत पेशी किती आहेत याला फारसं महत्त्व नाही. वाढू शकणाऱ्या पेशींत पी-६३ नावाचं प्रथिन झगझगीत भरलेल्या अस्सल मूलपेशी तीन टक्क्यांहून जास्त असतील तर दहातली सात-आठ लावणी लागते, त्याहून कमी असतील तर दहातली एक. बाकीचा सगळा तरवा काही महिने डोलतो आणि वाळतो. २०१५ च्या फेब्रुवारीत युरोपनं या इलाजाला होलोक्लार या नावानं परवानगी दिली. मूलपेशींचा असा परवाना मिळालेला युरोपातला तो पहिला इलाज.

सगळं झकास, पण किंमत! निर्जंतुक प्रयोगशाळा, तिथली माणसं, तपासण्या, शिवाय उंदरांच्या पेशी. चुन्यानं डोळा गेलेला माणूस बहुतेक वेळा हातावर पोट असलेला, त्याला हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि इथेच गोष्ट आपल्या मुलखाकडे वळते, हैदराबादला.

हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डॉ. गुल्लापल्ली राव यांनी १९८७ साली उभी केली. नाव मात्र सिनेमावाल्याचं. हे प्रसाद कोण? तर १९३१ साली आलेल्या 'आलम आरा'त, म्हणजे आपल्या पहिल्या हिंदी बोलपटात, आणि पहिल्या तमिळ आणि पहिल्या तेलुगू बोलपटातही छोट्या-मोठ्या भूमिकांत असलेला गडी. पुढे मोठा निर्माता झाला, आणि आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार त्याला १९८२ सालचा मिळाला. लोकांनी डोळ्यांनी बघितलेल्या सिनेमातून कमावलेला पैसा आणि जागा त्यानं डोळ्यांसाठीच दिली, हा हिशेब मला तरी चोख वाटतो.

तिथे डॉ. वीरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून काठाच्या पेशींची वाढ सुरू केली आणि उंदराला रजा दिली. त्यांनी घेतली बाळाची वार. आपल्याकडे बाळंतपण झालं की वार परसात खोल पुरायची, वर दगड ठेवायचा, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. त्याच वारेच्या आतल्या अंगाला, बाळाच्या बाजूला, एक पातळ झिरझिरीत पापुद्रा असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, तो दाह शमवतो, आणि परक्याचा असूनही अंग त्याच्याशी फारसं भांडत नाही. सिझेरियन झालेल्या आईच्या संमतीनं, तपासण्या करून तो घ्यायचा, गोठवून ठेवायचा, त्याच्यावर काठाचे बारीक तुकडे मांडायचे आणि रोग्याच्याच रक्तातला द्रव घालून दहा-चौदा दिवस वाढू द्यायचे. तुकड्यांच्या कडेनं पेशी बाहेर सरकत जातात आणि पापुद्रा भरून टाकतात. मग पापुद्र्यासकट डोळ्यावर. दहा वर्षांत २०० रोगी, १०० पैकी ७१ डोळ्यांना यश. इटलीच्या जवळपास, आणि उंदराशिवाय.

पण प्रयोगशाळा लागायचीच. आणि मग त्यांना जे सुचलं ते इतकं सोपं आहे की ऐकून हसू येतं. या पेशींना हवा असतो ऊबदार ओलावा, पोषण, आणि वारेचा पापुद्रा. पापुद्रा डोळ्यावर अंथरता येतो, बाकीचं सगळं तर तिथे आहेच! मग बशी कशाला? चांगल्या डोळ्याच्या काठाची दोन बाय दोन मिलिमीटरची चिमूट काढायची, तिचे आठ-दहा बारीक कण करायचे, जळक्या डोळ्यावरची घुसखोर कातडी साफ करून पापुद्रा अंथरायचा, आणि त्याच्यावर ते कण मधला नजरेचा भाग सोडून गोलाकार मांडायचे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा डिंक लावून चिकटवायचे, वर मऊ काँटॅक्ट लेन्सचं झाकण. तरवा नाही, लावणी नाही, थेट शेतात टोकण. २०१२ साली पहिल्या सहा रोग्यांची हकीगत छापून आली. सहा आठवड्यांत सहाही डोळ्यांवर सलग, पारदर्शक, रक्तवाहिन्यांविना कातडी आली होती. शस्त्रक्रिया एकच, आणि नेहमीच्या नेत्रशल्यगृहात होणारी. पुढे १२५ रोग्यांत यश ७६ टक्के निघालं, म्हणजे महागड्या बशीइतकंच, आणि आज परदेशातले डॉक्टरही ही पद्धत वापरतात. मला विचाराल तर या साऱ्या कथेतली सर्वात हुशार गोष्ट हीच, पण ती बशीतल्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाशिवाय कुणाला सुचली नसती हेही तितकंच खरं.

आता तुमच्यातला कुणीतरी विचारणार, दोन्ही डोळे जळाले तर? उधार घ्यायला काठच नाही. दुसऱ्याचा काठ घेता येतो, पण मग अंगाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं आली. जपान्यांनी वेगळाच मार्ग काढला: गाल. तोंडातला, आतल्या बाजूचा. तिथली ओली कातडीही पारदर्शकतेच्या जवळ जाणारी, न खरखरणारी. २००४ मध्ये कोहजी निशिदा आणि सहकाऱ्यांनी चार रोग्यांच्या गालाच्या आतला छोटा तुकडा घेऊन पेशींचा पत्रा वाढवला आणि डोळ्यावर ठेवला. त्यात बशीची एक करामत होती. तिच्या तळावर असं रसायन की ऊबेत, अंगाच्या तपमानाला, पेशी तिला घट्ट धरून राहतात, आणि बशी जरा गार केली, ३२ अंशांच्या खाली नेली, की तळ ओला होऊन पेशींचा अख्खा पत्रा न फाटता आपसूक सुटतो. खरवडणं नाही, कापणं नाही. डोळ्यावर ठेवला की टाकाही न घालता काही मिनिटांत चिकटतो. त्याच निशिदांनी २०१९ मध्ये ओसाकात त्याच्याही पुढची मजल मारली: प्रौढ पेशींना मागे नेऊन पुन्हा मूलपेशी बनवून त्यांतून बुबुळाची कातडी घडवली, आणि अशा चार रोग्यांची हकीगत २०२४ साली लॅन्सेटमध्ये आली.

गालाची ही गोष्ट ऐकली की शेंडेफळ एकदा तरी विचारतंच: आजोबा, मग त्या डोळ्याला जेवणाची चव लागते का? नाही रे बाबा. चव घेणारे अंकुर मुख्यतः जिभेवर, गालावरून घेतलेल्या पत्र्यात ते नसतात. तिखटाचं विचाराल, तर तिखट ही मुळात चवच नाही, ती वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंची ओरड आहे, म्हणून तर मिरची चिरलेलं बोट डोळ्याला लागलं की तो रडतो. आणि डोळ्यातले ते तंतू डोळ्याचेच, गालाचे नव्हेत. पण गाल आपला मूळ स्वभाव पुरता सोडत नाही, हेही खरं. तोंडात त्याला रक्ताच्या भरपूर पुरवठ्याची सवय. डोळ्यावर गेला तरी त्याच्या कडेकडेनं बारीक रक्तवाहिन्या वाढून येतात, आणि डॉक्टरांना त्या मध्यापर्यंत पोचत नाहीत ना यावर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते.